बिल एबीएस मॉड्यूलचं, काम टेपच्या तुकड्याचं

आमच्या एसयूव्हीचं एबीएस मॉड्यूल, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा मेंदू, बदलल्याचं बिल माझ्याकडे आहे. नवीन मॉड्यूल, त्याचं कोडिंग, नवीन ब्रेक ऑइल आणि ब्रेकच्या नळ्यांतली एअर काढण्याची मजुरी, सगळं वेगवेगळं लिहिलेलं. प्रत्यक्षात गॅरेजने एवढंच केलं होतं की पुढच्या डाव्या चाकाच्या स्पीड सेन्सरची तुटलेली वायर पिळून जोडली आणि वरून काळी टेप गुंडाळली. मॉड्यूलला पानासुद्धा लागला नव्हता.

सुरुवात झाली ती पॅडलपासून. कोरड्या, सपाट रस्त्यावर गाडी हळू करत थांबवताना अगदी शेवटी ब्रेकचं पॅडल पायाखाली थरथरायचं, जणू बर्फावर ब्रेक मारलाय. मग एके दिवशी मीटरमध्ये पिवळे दिवे ओळीने लागले: एबीएस, ट्रॅक्शन, ईएसपी, हिल होल्ड. क्रूझ कंट्रोलही लागेना. ब्रेक मात्र व्यवस्थित लागत होते.

गॅरेजवाल्याने बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला. स्क्रीन स्वतःकडे ठेवून मान हलवली आणि म्हणाला, "साहेब, सेन्सर गेला असता तर एक लाइट लागली असती. चार सिस्टिम एकदम बंद म्हणजे मेंदूच गेला. अशी गाडी चालवू नका, ब्रेक कधीही जातील."

या तीन वाक्यांवर त्याचा सगळा धंदा उभा होता, म्हणून ती नीट उलगडून सांगतो. कारण ऐकायला ती पटतात.

सेन्सर गेला तर एकच दिवा लागतो, हे खोटं आहे. प्रत्येक चाकाजवळ एक स्पीड सेन्सर असतो. चाक किती वेगाने फिरतंय एवढंच तो सांगतो. एबीएसला ही माहिती हवी, चाक घसरतंय का हे बघायला ट्रॅक्शनला हवी, गाडी वळताना सरकतेय का हे ताडायला ईएसपीला हवी. हिल होल्ड (चढावर गाडी मागे सरकू न देणारी सोय) एबीएसच्याच युनिटमधून, म्हणजे त्या मॉड्यूलमधून, चालतो. चारांपैकी एका चाकाचा आकडा बेभरवशाचा झाला की युनिट यातलं सगळंच बंद करून टाकतं. काही गाड्यांत स्पीडोमीटर किंवा फोर व्हील ड्राइव्हही त्यात सापडतं. म्हणजे दिव्यांची रांग लागली की उलट पहिला संशय एखाद्या सेन्सरवरच घ्यायला हवा. गॅरेजवाल्याला हे ठाऊक नव्हतं असं मी मानत नाही, कारण वायर त्यानेच शोधून जोडली होती.

ब्रेक जातील ही भीतीही तशीच. फक्त पिवळी एबीएसची लाइट असेल तर साधे ब्रेक चालू असतात. जोरात ब्रेक मारला तर चाक लॉक होऊ शकतं, म्हणून जपून चालवायचं आणि लवकर काम करून घ्यायचं. तिच्यासोबत ब्रेकची लाल लाइटही लागली असेल तर मात्र गोष्ट वेगळी. ऑइल कमी झालेलं असू शकतं किंवा पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी यंत्रणा बंद पडलेली असू शकते. तेव्हा गाडी उभी करायची. माझ्याकडे लाल लाइट कधी लागलीच नव्हती.

आणि "मेंदू गेला" म्हणणाऱ्याला एक साधा प्रश्न विचारायचा: मग कोड वाचलास कुठून? एबीएसचे कोड एबीएसचंच युनिट देतं. ते खरोखर मेलं असेल तर स्कॅनरला त्याच्याशी बोलताच येत नाही, आणि गाडीतली बाकीची युनिटं संपर्क तुटल्याचा यू०१२१ हा कोड दाखवतात. बोलणाऱ्या युनिटच्याही आत बिघाड असू शकतो, हे खरं. पण तेव्हा कोडही पंपाचा किंवा युनिटचा स्वतःचा येतो. माझ्या गाडीत कोड होता सी००३५, म्हणजे पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरचं सर्किट. डावं म्हणजे ड्रायव्हरच्या सीटवरून समोर बघताना डावं. आणि नीट वाचा, कोड "सर्किट" म्हणतो. त्यात सेन्सर आला, वायर आली, वायर जोडणारा कपलर आला. कोणता पार्ट टाका हे कोड सांगत नाही, ते माणसाला शोधावं लागतं.

मला हा कोड कळला तो फार उशिरा, दुसऱ्या माणसाकडून. पहिल्याने कोडचा आकडा ना सांगितला, ना बिलावर लिहिला. जुना पार्ट मात्र मागितल्याबरोबर आणून दाखवला: एक जड अॅल्युमिनियमचं युनिट, धूळ बसलेलं. त्याची भोकं आतून कोरडी होती. गाडीतून नुकतं काढलेलं एबीएस युनिट ब्रेक ऑइलने माखलेलं असतं, पुसलं तरी भोकांतून थेंब येत राहतात. तो तुकडा अशा दाखवण्यासाठीच कपाटात ठेवलेला असणार.

गॅरेजमधून गाडी परत घेतली तेव्हा दिवे विझलेले होते, आणि या फसवणुकीचं खरं हत्यार तेच आहे. दिवे विझले म्हणजे काहीतरी दुरुस्त झालं एवढंच कळतं. काय बदललं, हे दिवा सांगत नाही.

पहिल्या जोराच्या पावसानंतर सगळे दिवे पुन्हा हजर. या वेळी गाडी एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. त्याने स्कॅनरवर लाइव्ह डेटा उघडला, चारही चाकांचे वेग शेजारी शेजारी लावले आणि टॅबलेट माझ्या हातात देऊन गाडी सरळ रस्त्यावर चालवली. तीन चाकं एकसारखी, चौथ्याचा आकडा मधूनच शून्यावर. पॅडल का थरथरायचं तेही तिथेच कळलं: वायर पूर्ण तुटण्याआधी सिग्नल क्षणभर जायचा, युनिटला वाटायचं हे चाक लॉक झालं, आणि ते त्या चाकाचा ब्रेक सोडून परत लावायचं. ही चाचणी कोणत्याही गॅरेजमध्ये मागता येते. गाडीच्या सॉकेटला लावायचे स्वस्तातले ओबीडी रीडर बहुतेकदा फक्त इंजिनाचे कोड वाचतात, त्यामुळे घरच्या रीडरवर "नो फॉल्ट" दिसलं म्हणून गप्प बसू नका.

मग चाक काढलं. मडगार्डच्या आत, स्टिअरिंग वळलं की वायर वाकते नेमक्या त्या जागी, टेपचा गोळा. आत पिळलेल्या तारा हिरव्या पडलेल्या.

बॉनेटखाली मॉड्यूलच्या नळ्यांच्या नटांवर कारखान्यातल्या रंगाच्या खुणा जशाच्या तशा होत्या. वरचा इलेक्ट्रॉनिक भाग नळ्या न उघडताही काही गाड्यांत बदलता येतो, गॅरेजवाल्यानेही पुढे तीच सबब दिली. पण मग ऑइल आणि एअर काढण्याचे पैसे कसले? डबीतलं ऑइल तर जुनं, काळपट होतं. शेवटचा पुरावा माझ्या मेलमध्ये निघाला. आधीच्या एका सर्व्हिसच्या स्कॅन रिपोर्टमध्ये मॉड्यूलचा सिरीयल नंबर छापलेला होता. आत्ता स्कॅनरने दाखवलेला नंबर तोच.

खरं काम अगदी छोटं होतं. सेन्सर एकाच बोल्टने नकलमध्ये (चाकाचं बेअरिंग ज्यात बसतं त्या धातूच्या भागात) बसतो आणि आपली वायर व कपलर घेऊनच येतो, त्यामुळे मध्ये जोड द्यायची गरजच राहत नाही. वेळ गेला तो गंजाने अडकलेला जुना सेन्सर काढण्यात. वायर धरून ओढला की डोकं तुटून आतच राहतं, म्हणून गंज सोडवणारा स्प्रे मारून तो हळूहळू फिरवत काढला, मग भोक ब्रशने साफ केलं. नवीन वायर मूळच्या प्रत्येक क्लिपमध्ये बसवली, स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून ती कुठे ताणली जात नाही ना ते पाहिलं, कोड उडवला, चालवून परत चारही आकडे पाहिले.

सेन्सर बसवतानाही गंडवायला जागा असते. हल्लीचे बहुतेक सेन्सर अॅक्टिव्ह, म्हणजे युनिटने वीज पुरवल्यावरच चालणारे, असतात, त्यांचा सिग्नल साधारण ७ आणि १४ मिलीअँपियर यांच्यामध्ये वरखाली होतो. असल्या सेन्सरला मल्टिमीटर ओहमवर लावून "बघा, मेलाय" म्हणणाऱ्याला काही सिद्ध करता येत नाही. ती तपासणी जुन्या, कॉइलवाल्या सेन्सरची. चांगला सेन्सर काढून टाकायला लावायची ही सोपी युक्ती आहे. उलट कधी सेन्सर नवा टाकूनही कोड जात नाही, कारण दोष सेन्सर जिच्यावरून वेग वाचतो त्या बेअरिंगच्या सीलमधल्या चुंबकी रिंगमध्ये असतो किंवा बेअरिंगच उलटं बसवलेलं असतं. त्यामुळे चाकाचं बेअरिंग बदलल्यावर लगेच ही लाइट लागली, तर आधी ज्याने बेअरिंग टाकलं त्याच्याकडे जा.

दोन्ही सिरीयल नंबर, टेपचे फोटो आणि बिल घेऊन मी पहिल्या गॅरेजात गेलो. आधी "सेन्सर आता नव्याने गेलाय" झालं, मग "मुलाकडून चुकून लिहिलं गेलं" झालं. नवीन मॉड्यूलचं खरेदी बिल दाखवा म्हटल्यावर मालक आतल्या खोलीत गेला. मॉड्यूल आणि कोडिंगचे पैसे परत आले. ऑइल आणि मजुरीच्या ओळींवर तो अजून अडून आहे, म्हणतो ते काम केलंय. त्याने न बदललेलं ते काळपट ऑइल मी इलेक्ट्रिशियनकडून बदलून घेतलं, बाटलीत भरून ठेवलंय, आणि पुढच्या वेळी ते त्याच्या टेबलावर ठेवणार आहे.