सूप-शेकवरचे बारा आठवडे आणि त्यानंतरचे महिने: माझा अनुभव

आधीच सांगते, हे लांबलचक होणार आहे, कारण गेले कित्येक महिने जी भेटते ती "सूप-शेकवर वजन आणि शुगर कशी उतरवलीस?" हेच विचारते आणि प्रत्येकीला तेच तेच टाइप करून मला कंटाळा आलाय. मी इंग्लंडमध्ये स्लाउला राहते, वय ४९, उंची १५८ सेंटीमीटर, सुरुवातीचं वजन ७८ किलो. टाइप टू डायबेटीस निघून तीन वर्षं झाली होती, मेटफॉर्मिन दोन वेळा आणि बीपीची एक गोळी. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची टेस्ट, इथल्या मापात ६१, म्हणजे आपल्याकडच्या हिशोबात ७.७ टक्के. जीपीकडच्या, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडच्या, नर्सने सांगितलं की एनएचएसचा, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा, पाथ टू रेमिशन म्हणून एक प्रोग्रॅम आहे, बारा आठवडे फक्त सूप आणि शेक, दिवसाला ८०० ते ९०० कॅलरी, एक पैसा लागत नाही, करणार का? ८०० किंवा त्याच्या खाली असेल तर डॉक्टर लोक व्हेरी लो कॅलरी म्हणतात, त्यामुळे हा अगदी काठावरचा प्रकार.

कोणाला मिळतो ते आधी, कारण पहिला प्रश्न तोच असतो. वय १८ ते ६५, डायबेटीस निघून सहा वर्षांच्या आत, इन्सुलिन चालू नको, आणि बीएमआय गोऱ्यांना २७ पण आपल्याला २५ पासूनच. हा आपल्यासाठीचा वेगळा आकडा मला आधी जरा खटकला, मग कळलं की आपल्या लोकांना कमी वजनातच डायबेटीस होतो, म्हणजे बाहेरून बारीक दिसणारा आपला काका आतून लिव्हरमध्ये चरबी घेऊन फिरत असतो. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या, खाण्यापिण्याचा मानसिक आजार असलेल्या, नुकताच हार्ट अटॅक किंवा स्ट्रोक येऊन गेलेल्या, किडनी फारच कमकुवत असलेल्या लोकांना घेतच नाहीत, आणि बरोबरच आहे ते.

मी हो म्हटलं त्याचं कारण न्यूकॅसलचे प्रोफेसर रॉय टेलर. यांनी आणि ग्लासगोच्या माइक लीन यांनी डायरेक्ट नावाची ट्रायल केली, २०१७ च्या डिसेंबरमध्ये छापून आली, ३०६ पेशंट, साधारण ८५० कॅलरी, तीन ते पाच महिने. वर्षभराने ज्यांना हे डाएट दिलं होतं त्यातले ४६ टक्के गोळ्या न घेता डायबेटीसच्या रेषेखाली होते, आणि ज्यांचं १५ किलो किंवा जास्त उतरलं त्यांच्यात ८६ टक्के. टेलर यांचं म्हणणं असं की लिव्हरमधली चरबी आधी उतरते, मग पँक्रियासमधली, आणि ती पँक्रियासमधली म्हणाल तर एक ग्रॅमपेक्षाही कमी असते. तेवढी हलली की इन्सुलिन पुन्हा नीट सुटायला लागतं. हे वाचल्यावर मला वाटलं, एवढंसं हलवायचंय ना, मग बघूच. हा पण दोन वर्षांनी तो आकडा ३६ टक्क्यांवर आला होता, हेही त्यांनीच नंतर छापलंय आणि ते कोणी सांगत नाही.

सांगलीला घरची निम्मी मंडळी दीक्षित डाएटवर आहेत, दोनदा जेवायचं, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत, मधे काही नाही. मीही केलं होतं, चारेक किलो उतरलं, पण इथे शिफ्ट बदलत राहतात आणि दोन जेवणांत मी दिवसभराचं उट्टं काढायची, त्यामुळे परत चढलं. त्यात डाएटचा दोष नाही, मला ताटात किती घ्यायचं हे ठरवताच येत नाही. सूप-शेकचं मला आवडलं ते हेच, की ठरवायचं काही नाही. चार पाकिटं, प्रत्येकी दोनशेच्या आसपास कॅलरी, वरून सव्वादोन लिटर तरी पाणी, संपलं.

संक्रांत झाल्यावर सुरू केलं, तिळगूळ खाऊन. पहिल्याच दिवशी मेटफॉर्मिन बंद, बीपीची गोळीही नर्सने बंद केली, आणि घरी मशीनवर बीपी मोजून लिहून ठेवायला सांगितलं.

पहिले चार-पाच दिवस वाईट. डोकं ठणकतं, चिडचिड होते, नवऱ्याने नुसतं "काय झालं" विचारलं तरी अंगावर जायची. मग अचानक भूक मंदावते, खरंच, कारण शरीर साठवलेली चरबी जाळायला लागतं आणि त्यातून तयार होणारे कीटोन वाढले की भूक तितकी छळत नाही. त्याच्याबरोबर तोंडाला वास येतो, नेल पॉलिश रिमूव्हरसारखा, शुगर-फ्री च्युइंगम फारसा उपयोगाचा नाही. पहिल्या आठवड्यात साडेतीन किलो गेलं आणि मी घरभर नाचले, पण त्यातलं बरंचसं पाणी असतं. शरीरात साखरेचा साठा असतो ग्लायकोजेनचा, तो एकेक ग्रॅम आपल्याबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून बसलेला असतो, साठा संपला की पाणी गेलं. पुढच्या आठवड्यात किलोभरच गेलं तर रडू नका.

चव. चॉकलेट शेक बरा, व्हॅनिला कोमट पाण्यात घेऊ नये, स्ट्रॉबेरीला लहानपणीच्या खोकल्याच्या औषधाचा वास. सूप म्हणजे रंगीत मिठाचं पाणी होतं, मग मी त्यात मिरपूड, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि चिमूटभर लाल तिखट घालायला लागले, मसाल्यांना परवानगी आहे. टोमॅटो सूपमध्ये जिरं आणि हिंग घातलं की डोळे मिटून सार म्हणून खपतं. चहा मी कोराच घेतला, आलं घालून. कोऱ्या चहाला चहा म्हणायचं जिवावर येतं पण असो.

खरा छळ स्वयंपाकाचा. मी सूपवर असले तरी घरात दोन पुरुष जेवणारे, मुलगा अठरा वर्षांचा, त्याला पोळी-भाजी लागतेच. आमटीला फोडणी दिली, कढीपत्ता तडतडला, लसणाचा वास आला, आणि मग उलथण्यावरचा थेंब तळहातावर घेऊन चाटायचा ही तीस वर्षांची सवय. हात आपोआप तोंडाकडे जायचा. शेवटी मुलाला किचनमध्ये बोलावून "मीठ बघ रे" म्हणायला लागले, आणि तो दर वेळी "ठीक आहे" म्हणायचा, मीठ विसरलेलं असलं तरी. एकदा तर वरणात मीठच नव्हतं, दोघंही गुपचूप जेवले. पाडवा याच बारा आठवड्यांत आला. श्रीखंड विकतचं आणलं, कारण घरी चक्का फेटताना बोट चाटलं गेलं नसतं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

थंडी हा प्रकार कोणीच नीट सांगितला नव्हता. जानेवारी-फेब्रुवारीचं इंग्लंड आणि पोटात ८५० कॅलरी, शरीर हीटिंग बंदच करून टाकतं. घरात थर्मल, स्वेटर, शाल, पायाशी गरम पाण्याची पिशवी आणि तरी बोटं गार. जमत असेल तर एप्रिलनंतर सुरू करा. दुसरं म्हणजे पोट साफ न होणं, इथे फायबरची पाकिटं देतात, उघडून बघितलं तर आपलं इसबगोलच! तेव्हापासून भारतीय दुकानातून डबा आणला, तोच बरा. तिसरं, चटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी. बीपीची गोळी का थांबवतात ते तेव्हा कळलं, कारण वजनाबरोबर बीपीही झपाट्याने उतरतं आणि त्यावर गोळी चालू राहिली तर माणूस बाथरूममध्ये पडायचा.

केसांचं सांगते, बायका हेच विचारतात. डाएट चालू असताना काही नाही, सगळं संपत आल्यावर, एप्रिल-मेमध्ये, न्हाताना मुठीत केस यायला लागले. मी घाबरले. असं एकदम वजन उतरलं की केसांची मुळं झोपी जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात, नंतर परत येतात. माझे आले, आता भांगाजवळ बारीक बारीक उभे केस आहेत, विंचरले तरी बसत नाहीत. पित्ताशयात खडे होण्याचा धोकाही असतो एवढ्या वेगाने उतरवलं तर, मला झाले नाहीत, पण उजव्या बाजूला बरगडीखाली जोरात दुखलं तर ॲसिडिटी म्हणून घरी बसू नका.

व्हिडिओ कॉलवर सासूबाई दर रविवारी, "अगं तोंड किती उतरलंय तुझं, बास झालं आता." आणि खरंच उतरलं होतं, गाल बसले होते. नुसती चरबी जात नाही, थोडा स्नायूही जातो, सामानाच्या दोन पिशव्या घेऊन जिना चढताना मला ते जाणवायचं. या काळात नवीन जोरदार व्यायाम सुरू करू नका म्हणतात, चालणं ठेवा. मी नंतर वजनं उचलायला लागले, पाच पाच किलोची, आणि तो सगळ्यात चांगला निर्णय.

बारा आठवडे संपले तेव्हा ६५ किलो ६००. एचबीएवनसी ४२, म्हणजे ६ टक्के, गोळी नसताना.

आता इथपर्यंतचं सगळे ऐकतात आणि उठून जातात. माझ्या मते बारा आठवडे हा सोपा भाग आहे. पुढचे सहा आठवडे जेवण हळूहळू परत आणायचं असतं, एकेक पाकीट कमी करून एकेक जेवण, आणि तिथे माझी तक्रार आहे. फोनवर जी कोच होती ती गोड मुलगी, पण तिच्याकडे जे कागद होते त्यात जॅकेट पोटॅटो, पास्ता, टूना सँडविच. भाकरी म्हणजे काय हे मी तिला तीनदा समजावलं. "पिठलं" सांगायला गेले तर म्हणाली की हे सूप आहे का. शेवटी मीच किचनचा वजनकाटा घेऊन बसले. ५० ग्रॅम ज्वारीच्या पिठाची भाकरी साधारण १७५ कॅलरी, ठीक. तेलाचा मात्र धक्का बसला, एक मोठा चमचा म्हणजे १२० कॅलरी, आणि मी आमच्या तिघांच्या भाजीत डोळ्यांनी ओतायची ते मोजलं तर चार चमचे भरलं, वर पोळीला लावलेलं वेगळं, वर शेंगदाण्याचं कूट. अख्खं एक शेकचं पाकीट माझ्या फोडणीतच जात होतं आणि मी मात्र आयुष्यभर भाताला शिव्या दिल्या. आता तेल चमच्याने घालते, भाजीत एकच, आणि कुरकुर होते घरात पण खातात.

त्यातच एप्रिलअखेर, लंडनच्या साउथॉलला हापूसच्या पेट्या लागलेल्या. इतके दिवस गोड न खाल्लेल्या जिभेला हापूस म्हणजे काय वाटतो ते शब्दांत येणार नाही, मी अर्धा आंबा वीस मिनिटं खाल्ला, साल दातांनी खरवडून. पण आमरसाची वाटी घेतली नाही, कारण वाटीला दुसरी वाटी असते.

नणंदेची मुलगी पुण्यात असते, तिचं लग्न ठरलं तेव्हा मेसेज, "मामी, पावडरचं नाव सांग ना, मी पाचशे कॅलरीच करते म्हणजे लवकर होईल." तिला आठेक किलो उतरवायचं होतं, शुगर वगैरे काही नाही. नाव सांगितलं नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत अशा लिक्विड प्रोटीन डाएटची लाट आली होती, कोलॅजनचं प्रोटीन, धड खनिजं नाहीत, देखरेख नाही, आणि साठेक लोक दगावले, बरेचसे हृदयाचे ठोके बिघडून. आताच्या पाकिटांमध्ये जीवनसत्त्वं, पोटॅशियम वगैरे मोजून घातलेलं असतं म्हणून तर ती चालतात, जिममधल्या डब्यातल्या प्रोटीन पावडरवर तीन महिने काढणं ही वेगळीच गोष्ट. तिला हे सगळं पाठवलं, तिने अंगठा पाठवला. लग्नात छान दिसत होती, काय केलं विचारलं नाही.

आता वर्ष होत आलंय आणि वजन ६९. म्हणजे जवळजवळ साडेतीन किलो परत आलंय. बहुतेक सगळं दिवाळीत, चकली आणि चिवडा, गोडाचा मोह मला तेवढा नाही. दोन किलोपेक्षा जास्त चढलं की चार आठवडे परत पाकिटं देतात, ती घेतली होती, आणि दुसऱ्यांदा फार जड गेलं. पहिल्यांदा नवलाई असते, आकडा रोज पळतो, सगळे कौतुक करतात, दुसऱ्यांदा कोणाला काही पडलेलं नसतं आणि व्हॅनिलाचा वास सहन होत नाही. तरी वजन ७१ वर गेलेलं ६९ ला आणलं. एचबीएवनसी ४५ आहे, ६.३ टक्के, रेष ४८ ला आहे म्हणजे ६.५ ला. गोळी अजून नाही. बीपीची अर्ध्या डोसवर परत सुरू झाली.

करावं का? डायबेटीस नवीन असेल, वजन जास्त असेल आणि वर डॉक्टर-नर्सचं लक्ष असेल तर हो, मी परत करीन. नुसतं बारीक दिसायचं असेल तर नको.

आणि एक काम या प्रोग्रॅमला जायच्या आधी नक्की करा, हे मी इथल्या आपल्या बऱ्याच लोकांमध्ये बघितलंय. सुट्टीत भारतात गेल्यावर तिथल्या डॉक्टरकडून लिहून आणलेल्या गोळ्या इथल्या रेकॉर्डवर नसतात, नर्सला माहीतच नसतं. त्यात ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेल्या गोळ्या सर्रास असतात, ग्लिमेपिराइड चालू ठेवून ८५० कॅलरीवर गेलात तर शुगर धोकादायक खाली जाते. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या शुगरच्या गोळ्या असतील तर कीटोन वाढून रक्त आम्लधर्मी होण्याची, म्हणजे कीटोअ‍ॅसिडोसिसची भीती. ब्रँडचं नाव सांगून इथे कोणाला कळत नाही, तेव्हा स्ट्रिपच्या मागच्या बाजूचा फोटो काढा, जिथे औषधांची मूळ नावं बारीक अक्षरात छापलेली असतात, आणि तो पहिल्याच अपॉइंटमेंटला दाखवा.