बी-५५० बोर्ड: दिवाळीआधी बसवला, पोर्टांशी झटापट उन्हाळ्यापर्यंत

यावल तालुक्यात आमचं सेवा केंद्र आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि जुनं मशीन विंडोज ११ च्या अटीत बसत नव्हतं, म्हणून मदरबोर्ड (पुढे नुसता बोर्ड), प्रोसेसर आणि रॅम बदलून घेतली. एएमडीच्या बी-५५० चिपसेटचा बोर्ड, त्यांचाच रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, १६ जीबी रॅम. कॅबिनेट, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) आणि साटा केबलवरची हार्ड डिस्क जुन्याच. वेगाबद्दल तक्रार नाही. केळी विम्याच्या गर्दीत पोर्टल, स्कॅनर, पीडीएफ सगळं एकदम उघडं असायचं, मशीन अडकलं नाही. डोकं खाल्लं ते पोर्टांनी.

जळगावहून, गोलाणी मार्केटमधून मशीन बसवून आणलं तेव्हा पुढचे यूएसबी बंद, हार्ड डिस्क गायब, आणि मागच्या एका पोर्टात पेन ड्राइव्ह शिरेचना. ओळखीच्या एका मेकॅनिकला फोन केला तर त्यानं न बघताच निकाल दिला: "बोर्ड गेला भो, बदलावा लागीन." बोर्डाला काहीही झालेलं नव्हतं. तिन्ही दुखणी वेगळी होती.

हार्ड डिस्कचं आधी सांगतो, कारण यात बरेच जण फसतात. बोर्डावर एम.२ चे (पट्टीसारखी एसएसडी बसते ते) दोन स्लॉट आहेत आणि दोन्हींत एनव्हीएमई एसएसडी बसवल्या होत्या. दुसरा स्लॉट भरला की शेवटचे दोन साटा पोर्ट आपोआप बंद होतात, कारण दोघांच्या लेन, म्हणजे डेटाच्या वाटा, एकच. मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलं आहे, पण मुंगीएवढ्या अक्षरात, तक्त्याच्या खाली. अशी डिस्क बायोसमध्येसुद्धा (विंडोजच्या आधी उघडणारं बोर्डाचं सेटिंग) दिसत नाही, त्यामुळे माणूस केबल बदलतो, डिस्क बदलतो आणि शेवटी बोर्डाला शिव्या घालतो. केबल पहिल्या पोर्टात लावली, डिस्क हजर. हा नियम प्रत्येक बोर्डावर वेगळा असतो, म्हणून विकत घ्यायच्या आधी मॅन्युअलची पीडीएफ उतरवून तेवढं पान बघाच.

मागच्या पोर्टात टॉर्च मारला तर आतून पत्रा चमकला. पोर्टांभोवती जी पातळ पत्र्याची चौकट बसते, तिची एक जीभ बोर्ड सरकवताना वाकून थेट पोर्टात गेली होती. असा पत्रा पिनांना टेकला तर शॉर्ट होतो. बोर्डाचे स्क्रू काढून जीभ बाहेर वळवली, काम झालं.

पुढच्या पोर्टांना वेळ लागला. यूएसबी ३ चं ते जाड निळं १९ पिनांचं कनेक्टर वरून बसलेलं दिसत होतं. काढून बघितलं तर बोर्डावरच्या हेडरची (ते कनेक्टर जिथं बसतं त्या पिनांच्या जागेची) कोपऱ्यातली एक पिन आडवी झोपलेली. शिसं काढलेल्या क्लच पेन्सिलची नळी तिच्यावर चढवली आणि हळूच उभी केली. चिमट्यानं हे करू नका, पिन तुटली की हेडर कायमचं गेलं. कनेक्टर बसवतानाही डोलवू नका, केबल ताठ असते आणि तिथंच पिना वाकतात.

पोर्टचं हार्डवेअर गेलंय की विंडोजचा घोळ आहे, हे ओळखायचा सोपा उपाय: त्याच पोर्टात कीबोर्ड लावून बायोसमध्ये जा. तिथं चालला तर पोर्ट बहुधा ठीक आहे, पुढचं ड्रायव्हरचं बघा. आमच्या अंगठ्याचा ठसा घेणाऱ्या मशीनचं तसंच निघालं. थोडा वेळ वापर नसला की ते झोपी जायचं आणि केवायसीला आलेली आजी बिचारी अंगठा दाबत बसायची. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवायची खूण काढली, पॉवर प्लॅनमधलं सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद केलं. शिवाय ते मशीन कॅबिनेटच्या पुढून काढून मागे, थेट बोर्डावरच्या पोर्टात लावलं. तेव्हापासून तक्रार नाही.

या बोर्डांची गोष्ट निघाली की कोणीतरी २०२१ चं प्रकरण काढतंच. ५०० मालिकेच्या बोर्डांवर यूएसबी मधूनच तुटत होतं हे खरं. एएमडीनं ते मान्य करून एजेसा (बायोसमधलं एएमडीचं मूळ सॉफ्टवेअर) १.२.०.२ मध्ये दुरुस्तीही दिली. माझा बोर्ड त्याहून नव्या बायोससह आला, त्यामुळे खापर तिकडे फोडता आलं नाही. जुना किंवा सेकंड हँड बोर्ड घेत असाल तर मात्र बायोसची तारीख आधी बघा.

बिनतारी माउसचा कर्सर अडखळायचा, तेही बाहेरच्या डिस्कवर कॉपी चालू असतानाच. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झमध्ये मिसळतो, हे इंटेलनं २०१२ मध्येच लिहून ठेवलंय. माउसचा रिसीव्हर छोट्या एक्स्टेन्शन केबलवर लांब नेला, संपलं.

मे महिन्यात एका गिऱ्हाइकाचा चेपलेला पेन ड्राइव्ह लावला आणि स्क्रीनवर ओव्हर करंटची सूचना येऊन मशीन बंद. पुन्हा चालू केलं तर तो पोर्ट मेलेला. प्लग काढून पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरलं आणि चहा पिऊन आलो. बऱ्याच बोर्डांवर पोर्टाच्या वाटेत पॉलिफ्यूज (जास्त करंट गेला की तापून वाट तोडणारा फ्यूज) असतो, तो गार झाला की पुन्हा जोडला जातो. माझाही पोर्ट परत आला. आमच्याकडच्या उन्हात गार व्हायला वेळ लागतो, एवढंच.

राहिला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. त्याला लागणारा जुना पॅरलल पोर्ट या बोर्डाला नाही. केळी व्यापाऱ्यांच्या पट्ट्या छापायला यूएसबीवाली केबल घेतली. विंडोजचं सॉफ्टवेअर असेल तर छान छापते. जुना डॉसचा प्रोग्राम मात्र ६४ बिट विंडोजवर थेट चालत नाही, त्याला केबलही काही करू शकत नाही. तसा प्रोग्राम असेल तर जुनं मशीन विकू नका.

बोर्ड पुन्हा घेईन का? घेईन, पण मागे यूएसबी जास्त असलेला. स्कॅनर, अंगठा, दोन प्रिंटर, वेबकॅम, कीबोर्ड आणि माउस लागले की आमचे पोर्ट संपतात. मग स्वतःचं अॅडॅप्टर असलेला हब घ्यावा लागला, आणि तो खर्च बोर्डाच्या किमतीतच धरा.