दोन सिस्टीमचा संगणक सुरू होईना: दुरुस्तीचा कोणता मार्ग आधी निवडावा?

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स अशा दोन्ही सिस्टीम नांदणारी घरे पुष्कळ आहेत आणि त्यामागचे कारणही बहुधा सारखेच असते. घरातल्या कर्त्या माणसाचे डीटीपीचे काम विंडोजवर चालते. लग्नपत्रिका आणि मंडळांच्या पावत्या श्रीलिपीत होतात, कन्नड मजकुरासाठी नुडी लागते, आणि त्याच यंत्रावर व्हीटीयूच्या अभियांत्रिकी अभ्यासक्रमाला असलेला मुलगा किंवा मुलगी उबुंटू ही लिनक्सची आवृत्ती टाकून घेते. असा संगणक एखाद्या सकाळी काळ्या पडद्यावर एक इंग्रजी ओळ दाखवून थांबतो, दारात गिऱ्हाईक उभे असते आणि पहिला सल्ला मिळतो तो ‘फॉरमॅट मारून टाका’ असा.

प्रत्यक्षात समोर पाच मार्ग असतात. बायोसमध्ये, म्हणजे यंत्र चालू होताच चालणाऱ्या बोर्डावरच्या मूळ प्रणालीत, जाऊन सुरू होण्याचा क्रम बदलता येतो. विंडोजच्या पेनड्राइव्हवरून विंडोजचा बूटलोडर, म्हणजे सिस्टीम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम, नव्याने लिहिता येतो. डिस्कवर न बसवता थेट चालणाऱ्या लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून लिनक्सचा बूटलोडर, म्हणजे ग्रब, हाताने पुन्हा बसवता येतो. हेच काम बूट-रिपेअर या आयत्या साधनाकडून करून घेता येते. आणि अखेरीस सर्व पुसून दोन्ही सिस्टीम नव्याने टाकता येतात. या पाचही मार्गांची तुलना करताना मी ‘सोपा कोणता’ हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. पहिला प्रश्न असा की, तो मार्ग डिस्कवर किती लिहितो आणि लिहिलेले परत फिरवता येते का.

बिघाड कोणत्या टप्प्यावर आहे?

विंडोज ८ च्या काळापासून, म्हणजे २०१२ नंतर आलेल्या बहुतेक यंत्रांत जुन्या बायोसऐवजी यूईएफआय असते, जरी बोलताना आपण त्यालाही बायोसच म्हणतो. त्यात बोर्डावरच्या स्मृतीत नोंदींची एक यादी असते आणि प्रत्येक नोंद डिस्कवरच्या एका लहानशा फॅट पद्धतीच्या पार्टिशनमधील (डिस्कच्या वेगळ्या केलेल्या भागातील) फाइलकडे नेते. या पार्टिशनला इएफआय सिस्टीम पार्टिशन म्हणतात; विंडोजचा इन्स्टॉलर ते बहुधा १०० एमबीचे करतो, आणि त्यात मायक्रोसॉफ्टचे फोल्डर वेगळे व उबुंटूचे वेगळे असते. दोन सिस्टीम शेजारी राहू शकतात त्या या व्यवस्थेमुळे, आणि एकीचा बिघाड दुसरीला न छेडता दुरुस्त करता येतो तोही याच व्यवस्थेमुळे.

म्हणून पडद्यावर काय दिसते ते आधी नीट पाहावे, शक्यतो मोबाइलने फोटो काढून ठेवावा. लिनक्सचा मेनू न येता थेट विंडोज उघडत असेल, तर बहुधा केवळ नोंदींचा क्रम बदललेला असतो. ग्रबचा मेनू येतो पण त्यात विंडोजचे नाव नाही, असे असेल तर विंडोज शाबूत असण्याचीच शक्यता जास्त; मूळ ग्रबमध्ये २०२१ च्या २.०६ आवृत्तीपासून दुसऱ्या सिस्टीम शोधणारा ओएस-प्रोबर आपोआप चालत नाही, तो चालू करून अपडेट-ग्रब ही आज्ञा दिली की नाव परत येते. मेनूऐवजी नुसता ग्रबचा प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा लिहिण्याची ओळ, किंवा ‘ग्रब रेस्क्यू’ दिसत असेल, तर ग्रब सुरू झाला आहे पण त्याला स्वतःच्या फाइली सापडत नाहीत. विंडोजमधून कोणीतरी ‘रिकामे’ दिसणारे लिनक्सचे पार्टिशन उडवल्यावर हमखास हेच घडते. आणि बूट करण्याजोगे उपकरणच नाही असा संदेश असेल, तर सॉफ्टवेअरकडे वळण्यापूर्वी बायोसमध्ये डिस्कचे नाव दिसते का ते पाहावे. ते दिसत नसेल किंवा डिस्क आवाज करत असेल, तर पाचपैकी एकही मार्ग वापरू नये. मरू घातलेल्या डिस्कवर एक अक्षरही लिहू नये.

बायोसचा मार्ग

या मार्गात डिस्कवर काहीच लिहिले जात नाही, म्हणून तो सदैव पहिला. डेल आणि लेनोव्होच्या बहुतेक यंत्रांत एफ१२, एचपीत एफ९ दाबून बूट मेनू उघडतो. त्यात उबुंटू आणि विंडोज बूट मॅनेजर ही दोन्ही नावे दिसली, तर एकेक निवडून पाहावे. दोन्ही सुरू होत असतील तर बिघाड क्रमापुरताच आहे आणि तो बायोसच्या सेटिंगमध्ये पाच मिनिटांत सुटतो. लिनक्स मुद्दामच काढून टाकले असेल, तर विंडोज बूट मॅनेजर वर आणणे एवढेच काम उरते.

खानापूरच्या एका परिचितांचे उदाहरण येथे द्यावेसे वाटते. पावसाळ्यात तिकडे वीज वारंवार जाते. त्यांचा जुना डेस्कटॉप दर दोन-चार दिवसांनी बूट होण्यास नकार देऊ लागला. त्यांनी तो एका दुकानात दिला, तेथे डिस्क फॉरमॅट झाली, आणि पत्रिकांचे कित्येक वर्षांचे नमुने गेले. यंत्र घरी आणून मुख्य बटण बंद केल्यावर दुसऱ्या सकाळी तोच दोष परत आला. बोर्डावरचा सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल संपलेला होता. वीज गेली की बायोस मूळ सेटिंगवर जाई आणि यूईएफआयऐवजी जुनी लेगसी पद्धत चालू होई. दुकानात यंत्राला वीज सतत मिळत असल्यामुळे बदललेले सेटिंग टिकले आणि दुरुस्ती झाली असे सर्वांना वाटले. सेल बदलण्यापुरते काम होते. त्या नमुन्यांचे मला आजही वाईट वाटते.

सेलचा संशय तारखेवरून घेता येतो: वीज गेल्यानंतर तारीख काही वर्षे मागे गेली तर सेल संपला आहे. मात्र लिनक्स वापरून विंडोजमध्ये आल्यावर घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे दिसत असेल, तर तो सेलचा दोष नव्हे. लिनक्स बोर्डावरच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजते, एवढाच तो फरक असतो.

बायोसच्या मार्गाची एक जोखीम मात्र गंभीर आहे. नव्या विंडोज ११ लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केल्यावर डिस्कचे एन्क्रिप्शन (बिटलॉकर), म्हणजे डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद करणे, अनेकदा आपोआप चालू होते, आणि सिक्युअर बूट, म्हणजे फक्त मान्य बूटलोडर चालू देणारी सोय, बंद केले की विंडोज ४८ अंकी बिटलॉकर रिकव्हरी की मागते. ही की बहुधा त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ते खाते कोणी, कोणत्या मोबाइल क्रमांकावर उघडले हे घरात कोणालाच आठवत नाही, अशी वेळ येऊ शकते. म्हणून कोणत्याही सेटिंगला हात लावण्यापूर्वी ती की मोबाइलवरून शोधून कागदावर लिहून घ्यावी. ग्रबच्या मेनूतून विंडोज निवडले तर की मागितली जाते, पण बूट मेनूतून थेट निवडले तर मागितली जात नाही, असाही प्रकार होतो. तेव्हा रोज बूट मेनूतूनच विंडोज उघडणे हा चांगला तोडगा आहे.

१३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर अनेक दुहेरी यंत्रांवर लिनक्स अचानक सुरू होईनासे झाले होते आणि पडद्यावर ‘एसबॅट’ तपासणी फसल्याचा संदेश येत होता. त्या अपडेटने जुने लिनक्स बूटलोडर सिक्युअर बूटमध्ये नाकारले होते. मायक्रोसॉफ्टने त्यावरचा उपाय मे २०२५ च्या अपडेटमध्ये दिला. त्या वेळी लिनक्स पुन्हा टाकणाऱ्यांचे श्रम वाया गेले, कारण सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून उबुंटूत शिरणे, तेथून ते नाकारण्याचे एसबॅट धोरण पुसणे, लिनक्स अद्ययावत करणे आणि सिक्युअर बूट पुन्हा चालू करणे एवढे पुरेसे होते. अपडेट येत राहणार असल्याने हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

विंडोजचे साधन की लिनक्सचे?

क्रम बदलूनही भागले नाही, तर डिस्कवर लिहिणाऱ्या मार्गांकडे वळावे लागते. येथे नियम साधा आहे: जी सिस्टीम सुरू होत नाही, तिचेच साधन वापरावे.

उबुंटू चालते पण विंडोज निवडल्यावर बूट-मांडणी सापडत नसल्याचा निळा पडदा येतो, अशा वेळी विंडोजच्या पेनड्राइव्हवरून कमांड प्रॉम्प्ट उघडून, डिस्कपार्ट या साधनाने इएफआय पार्टिशनला एक अक्षर देऊन बीसीडीबूट हे विंडोजचे साधन चालवावे. ते मायक्रोसॉफ्टच्या फाइली नव्याने लिहिते आणि उबुंटूच्या फोल्डरला हात लावत नाही. मात्र ते विंडोजची नोंद यादीत सर्वांत वर नेते, त्यामुळे लिनक्स पुसले गेले असा भास होतो. बूट मेनूत ते जागेवरच असते. बूटरेकची जुनी आज्ञा, जी अजून पुष्कळ ठिकाणी सवयीने वापरली जाते, ती मुख्यतः यूईएफआयपूर्वीच्या, एमबीआर पद्धतीच्या जुन्या यंत्रांसाठी आहे. तेथे डिस्कच्या पहिल्याच ५१२ बाइटच्या खान्यात एकच बूटलोडर मावतो, त्यामुळे विंडोजची दुरुस्ती ग्रबवर लिहिली जाते आणि नंतर ग्रब पुन्हा बसवावाच लागतो.

उलट ग्रबच हरवला असेल, तर लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हचा मार्ग घ्यावा आणि माझी पसंती या मार्गाला आहे, कारण दुरुस्तीआधी त्याच पेनड्राइव्हवरून विंडोजमधल्या फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवता येतात. विंडोजचे पार्टिशन फक्त वाचण्यापुरते उघडावे. फास्ट स्टार्टअप या लवकर सुरू होण्याच्या सोयीमुळे विंडोज अर्धवट झोपलेल्या अवस्थेत असू शकते आणि अशा पार्टिशनवर बाहेरून लिहिणे घातक ठरते. पेनड्राइव्ह यूईएफआय पद्धतीने सुरू झाला आहे याची खात्री करावी. लेगसी पद्धतीने सुरू करून बसवलेला ग्रब चुकीच्या प्रकारचा बसतो आणि संध्याकाळ त्यातच जाते.

हाताने ग्रब बसवणे आणि बूट-रिपेअर यांत मी असा फरक करीन. आज्ञा समजून देणारा विद्यार्थी घरात असेल, तर हाताने करावे. पार्टिशन जोडणे, त्या सिस्टीममध्ये शिरणे आणि ग्रब-इन्स्टॉल व अपडेट-ग्रब चालवणे यांत नेमके काय लिहिले जाते ते डोळ्यांसमोर असते. तसे कोणी नसेल तर बूट-रिपेअर उपयोगी आहे, पण उबुंटूच्या लाइव्ह पेनड्राइव्हवर ते आधीपासून नसते, त्यासाठी इंटरनेट लागते. त्यात शिफारस केलेल्या दुरुस्तीचे बटण लगेच दाबू नये. काहीही न बदलता डिस्कचा अहवाल तयार करण्याची सोय त्यात आहे, तो अहवाल जपून ठेवून आणि जाणकाराला दाखवून मगच पुढे जावे.

सर्व पुसून नव्याने

डिस्क बदलावी लागली किंवा दोन्ही सिस्टीमच्या फाइली खरोखर बिघडल्या, तरच हा मार्ग योग्य. विद्यार्थ्याच्या लॅपटॉपसाठी त्याचा खर्च एका दिवसाचा असतो. डीटीपीच्या दुकानासाठी तो फार मोठा असतो, कारण मराठी आणि कन्नड अशा दोन्ही जुन्या फाँटांची जुळणी, प्रिंटरच्या मांडण्या आणि यंत्राशी बांधलेले काही सॉफ्टवेअर परवाने पुन्हा उभे करावे लागतात. जुन्या फाँटमधल्या फाइली तोच फाँट नसेल तर वाचताही येत नाहीत, म्हणून कागदपत्रांबरोबर फाँटांचे फोल्डरही उतरवून घ्यावे.

यंत्र दुकानातच द्यायचे ठरले, तर त्याला एक चिठ्ठी चिकटवून द्यावी, मराठीत आणि शक्य असल्यास कन्नडमध्येही: डिस्कवर दोन सिस्टीम आहेत, विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये, आधी सेल आणि बूटचा क्रम पाहावा, बिटलॉकरची की मालकाकडे आहे. त्याखाली स्वतःचा फोन क्रमांक लिहावा आणि पडद्याचा काढलेला फोटो दुकानदाराला तेव्हाच पाठवावा.