घरपोच भाडेकरार: सोय उत्तम, सज्ञानतेची तपासणी मात्र रामभरोसे

पुण्यात कोथरूड, कर्वेनगर, डेक्कन, विमाननगर, कुठेही राहा, घरपोच भाडेकरार करून देणारा एजंट हाकेच्या अंतरावर सापडतो. व्हॉट्सॲपवर आधार, पॅन, लाइटबिल आणि इंडेक्स टू (घराच्या खरेदी-नोंदणीचा सरकारी उतारा) पाठवायचे. ठरल्या वेळी माणूस लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचे यंत्र घेऊन येतो आणि काही दिवसांत दुय्यम निबंधकाची (सरकारी नोंदणी अधिकाऱ्याची) डिजिटल सही असलेली पीडीएफ मिळते. इथे कुणा एकाचे नाव घेत नाही, कारण गुण आणि खोट दोन्ही या सेवेच्या पद्धतीतच आहेत.

आधी गुण. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. मुद्रांक शुल्क काढताना मुदतीचे एकूण भाडे घ्यायचे, त्यात परतीच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेले व्याज मिळवायचे आणि बेरजेच्या ०.२५ टक्के भरायचे. भाडे १८,०००, डिपॉझिट ५०,००० आणि मुदत १२ महिने असेल तर २,१६,००० अधिक ५,०००, म्हणजे शुल्क साडेपाचशेच्या आसपास. कागदपत्र हाताळणीचे किरकोळ सरकारी शुल्क सोडले तर यावरचे जे काही ते एजंटचे. 'सगळं मिळून इतके' असे सांगितले की चलनाची प्रत मागा, हिशोब लगेच उलगडतो. नोटरीचा कागद स्वस्त पडतो म्हणून तिकडे वळू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. चुकला तर ३ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला की अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, ते खोडून काढायचे काम मालकाच्या गळ्यात. वेग आणि खर्च यांना पाचपैकी साडेचार.

आता खोट. नोंदणी कायद्याच्या कलम ३५ नुसार सही करणारा अज्ञान (अठरा वर्षांखालचा) किंवा वेडसर दिसला तर अधिकाऱ्याला नोंदणी नाकारावीच लागते. पूर्वी पक्षकार टेबलासमोर उभा राहायचा, साहेब मान वर करून दोन प्रश्न विचारायचे. घरपोच पद्धतीत अधिकाऱ्याला दिसतो तो वेबकॅमचा फोटो. समोर बसलेला असतो एजंट, आणि त्याचे लक्ष हिरवा दिवा लागतो का एवढ्यावरच. अंगठा जुळला म्हणजे माणूस तोच, इतकेच सिद्ध होते. भारतीय करार कायदा १८७२ चे कलम ११ आणखी तीन गोष्टी मागते: तो सज्ञान हवा, मन ठिकाणावर हवे आणि कुठल्या कायद्याने त्याला करार करायला मनाई नसावी. या तपासणीला पाचपैकी दीड, तोही उदार मनाने.

सर्वांत जास्त घोळ विद्यार्थ्यांच्या खोल्यांत होतो. अकरावी-बारावीला किंवा नीट-जेईईच्या क्लासला लातूर-नांदेडहून आलेला मुलगा सतरा वर्षांचा असतो. आईवडील गावी, म्हणून करार मुलाच्याच नावावर. वयाचा रकाना एजंट भरतो, आधारवरच्या जन्मतारखेवरून. आधार हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली अपघात भरपाईच्या एका प्रकरणात त्यापेक्षा शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला. तारीख १ जानेवारी दिसली की तर हमखास दाखला मागावा, कारण नुसते वर्ष माहीत असले की तीच तारीख टाकून मोकळे होतात. अठराव्या वाढदिवसाचा दिवस उजाडला की माणूस सज्ञान, आदल्या रात्री नाही.

करार मुलाच्या नावावर झालाच तर काय होते? १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातले सर्वांत वरचे अपील न्यायालय) मोहोरी बीबी खटल्यात ठरवून टाकले की अज्ञानाचा करार मुळातूनच रद्दबातल. कलकत्त्याच्या त्या प्रकरणात सावकाराने घर गहाण लिहून घेतले होते, तरी कागद टिकला नाही. तेव्हा लॉक-इन (ठरावीक काळ जागा न सोडण्याची अट), नोटीस पिरियड, तोडफोडीची भरपाई, यातले काहीही मालकाला त्या मुलाविरुद्ध कराराच्या जोरावर मागता येत नाही. मसुद्यातले 'उभयपक्ष सज्ञान असून राजीखुशीने व अक्कलहुशारीने' हे ठरीव वाक्य इथे कामाचे नाही. मुलाने वय खोटे सांगितले असले तरी अज्ञानत्वाचा बचाव त्याला घेता येतो. अठरा पूर्ण झाल्यावर 'चालू राहू दे' म्हणून जुना कागद जिवंत होत नाही, नवाच करावा लागतो. करार कायद्याच्या कलम ६८ चा थोडा आधार आहे: गरजेच्या गोष्टी पुरवल्या तर वाजवी मोबदला मिळतो, आणि शिक्षणासाठी भाड्याने दिलेले घर त्यात धरल्याचा मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचा १९६३ साली प्रसिद्ध झालेला निकाल आहे. पण हा मोबदला मुलाच्या मालमत्तेतून घ्यायचा असतो. बारावीच्या पोराच्या नावावर काय असणार, एक सायकल!

उपाय सोपा आहे. परवानाधारक (कागदावरचा भाडेकरू) म्हणून वडील किंवा आई, आणि मुलाचे नाव 'जागेत राहणारी व्यक्ती' म्हणून. सगळ्यांचे अंगठे एकाच खोलीत, एकाच वेळी घ्यावे लागत नाहीत, त्यामुळे गावी बसलेल्या पालकाचा अंगठा तिथल्याच एखाद्या सेवेकडून घेता येतो. एजंट कुरकुर करतो, करू द्या.

मालकाच्या बाजूलाही अज्ञान असू शकतो. वडील वारले, फ्लॅटला आई आणि मुलगा दोघांची नावे लागली, तर आईने स्वतःसाठी आणि मुलाची अपाक (अज्ञान पालनकर्ती) म्हणून, अशा दोन नात्यांनी सही करायला हवी. फॉर्मात तिचे नाव एकदाच गेलेले दिसते. काका किंवा आजोबा भाडे घेत असतील तर ते हिंदू कायद्याने नैसर्गिक पालक नव्हेत. त्यांची सही न्यायालयाच्या नेमणुकीशिवाय कुचकामी. मुदतीचेही भान हवे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ च्या कलम ८ प्रमाणे न्यायालयाच्या परवानगीशिवाय पाच वर्षांहून जास्त, किंवा मूल सज्ञान झाल्यानंतर एक वर्षाच्या पलीकडे जाणारा भाडेपट्टा पालकाला देता येत नाही. घरपोच होणारा करार लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे जागा वापरायचा नुसता परवाना असतो, भाडेपट्टा नाही हे खरे, पण वाद कशाला ओढवून घ्या? सव्वासोळा वर्षांच्या मुलाच्या घराचा ३६ महिन्यांचा करार सव्वाएकोणीसपर्यंत जातो. अकरा महिनेच करावा.

सर्वांत नाजूक प्रकरण वृद्ध मालकांचे. पेठांत, एरंडवण्यात, मुले परदेशी आणि आजी-आजोबा एकटे, अशी घरे पुष्कळ. हिंजवडीहून भाडेकरू उशिरा सुटतो, म्हणून एजंट रात्री साडेआठला उगवतो. स्मृतिभ्रंश असलेल्या अनेकांचा गोंधळ नेमका दिवस मावळल्यावर वाढतो. करार कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बघायचे ते करार करतानाचे मन: हा करार काय आहे ते कळते का आणि त्यात आपले हित-अहित काय याचा विचार करता येतो का. एरवी भ्रम असणारा माणूस शुद्धीत असताना करार करू शकतो, आणि एरवी ठणठणीत असलेला तापाच्या ग्लानीत किंवा दारूच्या अमलात करू शकत नाही. म्हणून वेळ सकाळची मागून घ्या. भाडेकरूला बाहेर बसवून आजोबांनाच विचारा: कुठला फ्लॅट, कुणाला, किती भाड्याने, किती दिवस, डिपॉझिट कुठल्या खात्यात? 'हो ना आजोबा?' असे विचारू नका, त्यावर कुणीही हो म्हणेल. शंका असेल तर त्याच दिवसाच्या तारखेचा डॉक्टरांचा दाखला घ्यावा. नुसते मानसिक आजाराचे निदान झाले म्हणून कुणाचे मन ठिकाणावर नाही असे धरता येत नाही, हे मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये स्पष्ट आहे.

इथे मुलगा हमखास कुलमुखत्यारपत्र काढून दाखवतो. त्यात परवान्याने जागा देणे, डिपॉझिट स्वीकारणे आणि निबंधकापुढे कबुली देणे हे अधिकार शब्दांत लिहिलेले हवेत. नुसते 'देखभाल' पुरत नाही. एजंट मालक हयात असल्याचे आणि पत्र रद्द न केल्याचे घोषणापत्र मागतात, ते योग्यच. पण करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे मालकाचे मन ठिकाणावर राहिले नाही तरी मुखत्यारी संपते, याची चौकशी कुणी करत नाही. ज्या दिवसासाठी म्हणून पत्र करून ठेवले, नेमका तोच दिवस आला की ते निकामी! मग न्यायालयाकडून पालक नेमून घेणे हाच मार्ग, आणि ते घरपोच होणारे काम नव्हे.

कंपनी भाडेकरू असेल तर सही करणाऱ्याच्या नावाचा संचालक मंडळाचा ठराव जोडून घ्या, बाकी त्यात फारसे काही नाही.

एकूणात, दोन्हीकडे कमावत्या वयाची माणसे आणि मालमत्ता एकाच्याच नावावर असेल तर ही सेवा बिनधास्त घ्यावी. वर सांगितल्यापैकी काही असेल तर मसुदा आधी वकिलाला दाखवावा. अंगठा देण्यापूर्वी पीडीएफ मागून पक्षकारांच्या नावापुढचे वय आणि नाते वाचा. नोंदणी झाल्यावर पक्षकार बदलायचा तर नवा करार, नवे शुल्क आणि एजंटची फीही नव्याने.