नवीन म्हणून वापरलेल्या डिस्क लावल्या! नवी मुंबईच्या महापे-रबाळ्यात सर्व्हर ठेवणाऱ्यांनी वाचा

६५,४९० रुपये गेले. ८ टीबीच्या दोन डिस्क प्रत्येकी २४,५००, व्हिजिट चार्ज ६,५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. पक्कं बिल, पैसे एनईएफटीने.

मी सांगलीत, सर्व्हर महाप्याच्या डेटा सेंटरमध्ये. तिथले रिमोट हँड्सवाले केबल बदलतील, मशीन रीस्टार्ट करतील, पण पार्ट आणून बसवणार नाहीत. म्हणून बाहेरचा टेक्निशियन घ्यावा लागतो, सगळेच घेतात. रेडमधली, म्हणजे एक बिघडली तरी डेटा वाचावा म्हणून एकत्र जोडलेल्या डिस्कपैकी, एक डिस्क गेली होती. हा म्हणाला, "सर, दुसरीपण जायला आलीय, एकदमच बदलू."

काम झाल्यावर त्याने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. तो फोटो आता बघवत नाही. लेबलवर जिथे उत्पादनाची तारीख असते, नेमका तिथे अंगठा. बाजूच्या स्क्रूच्या भोकांभोवती ओरखडे. कोऱ्या डिस्कला ओरखडे कुठून येतील? पण रात्री दीड वाजता, ग्राहकांचे फोन चालू असताना, कोण फोटो मोठा करून बघतं? आणि मी स्मार्ट रीडिंग, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते ती वापराची नोंद, घेतलं होतं. त्यात वापर ९ तास दिसत होता. अजून काय तपासायचं माणसाने?

स्मार्टचा आकडा शून्य करता येतो. सीगेट कंपनीच्या डिस्कमध्ये फार्म नावाची वेगळी नोंद असते, ती वाचा. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात वापरलेल्या डिस्क नव्या म्हणून विकल्याचं याच नोंदीवरून उघड झालं होतं. माझ्या डिस्कवर निघाले २७,४१२ तास, म्हणजे तीन वर्षांहून जास्त! पण हे कळलं कधी, तर एक बंद पडून रिबिल्ड (तिचा डेटा पुन्हा उभा करणं) चालू असताना दुसरीनेही मान टाकल्यावर. रेड ५ होतं, त्यात एका वेळी एकच डिस्क गेलेली चालते; सगळा ॲरे, म्हणजे जोडलेला सगळा साठा, गेला. बॅकअप वेगळ्या जागी होता म्हणून धंदा वाचला.

सीलबंद पाकीट व्हिडिओ कॉलवर फोडायला लावा. सीरियल नंबर बिलावर घ्या आणि कंपनीच्या साइटवर वॉरंटी तपासल्याशिवाय पैसे सोडू नका.

सांगलीत पोलीस म्हणाले, घटना नवी मुंबईची, तिकडे जा. झिरो एफआयआर, म्हणजे घटना कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवणं, कायद्यात आहे, तरी घेतला नाही. नवी मुंबईत म्हणाले, माल मिळालाय ना, मग हा दिवाणी वाद. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर सांगितलं, पैसे तुम्हीच बिलावर भरलेत. ग्राहक आयोगाचं विचारलं तर वकील म्हणाले, व्यावसायिक वापर, तुम्ही ग्राहकच नाही. डेटा सेंटर म्हणतं, अधिकारपत्र तुम्हीच दिलंत, गेटपासची नोंद पोलिसांचं पत्र आणल्यावरच. पोलीस म्हणतात, गुन्हा दाखल नाही तर पत्र कसलं! म्हणजे फसवणाऱ्याने बिल दिलं की तो सुटला?

जुन्या डिस्क कधीच सोडू नका. "ई-वेस्टला दिल्या सर" असं तो म्हणाला. त्यातली एक चांगली चालत होती. माझ्या ग्राहकांची बिलं, फोन नंबर, उधारीच्या नोंदी असलेल्या त्या डिस्क आज कुणाच्या मशीनमध्ये आहेत, हे शोधायला एकही ठाणं तयार नाही.