नव्वद हजार भरले, कर्ज तसंच राहिलं

ते पत्र अजून माझ्याकडे आहे. वर कर्जाच्या प्लॅटफॉर्मचा लोगो, खाली माझं नाव, कर्ज खात्याचा नंबर अगदी बरोबर, आणि मधोमध ठळक अक्षरात एक ओळ: ‘कंपनीने आपली संपूर्ण थकबाकी रु. 90,000 मध्ये एकरकमी निकाली काढण्यास मंजुरी दिली आहे.’ त्या ओळीवर विश्वास ठेवून मी आईने दिलेली मोहनमाळ मोडली. ती ओळ खोटी आहे हे मला पाच महिन्यांनी कळलं. खरं तर ते त्या ओळीतच दिसत होतं, फक्त मला तेव्हा वाचता आलं नाही. तुम्हाला यावं म्हणून हे लिहितेय.

पुण्यात कर्वेनगरमध्ये माझी मेस आहे. जून 2023 मध्ये गाळ्याचं डिपॉझिट आणि मोठा ग्राइंडर यासाठी पी-टू-पी, म्हणजे लोकांकडून लोकांना कर्ज मिळवून देणाऱ्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मवरून 3 लाखांचं कर्ज घेतलं. व्याज 24 टक्के, मुदत दोन वर्षं, हप्ता 15,861. नऊ हप्ते वेळेवर गेले. मग जवळच्या दोन हॉस्टेलांनी स्वतःची मेस सुरू केली आणि माझी निम्मी मुलं गेली. एप्रिल आणि मे 2024 चे हप्ते थकले. फोन सुरू झाले. वसुलीवाल्यांनी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मला तो माहीत नव्हता. रात्री साडेनऊला, जेवणाची पंगत बसलेली असताना फोन वाजला की माझे हात थरथरायचे.

अशातच फेसबुकवर ‘कर्जमुक्ती’ची जाहिरात दिसली. सातारा रस्त्यावरच्या एका कॉम्प्लेक्समध्ये दुसऱ्या मजल्यावर ऑफिस, चहा, एसी, भिंतीवर वकिलाच्या नावाची पाटी. माझ्या मुलाच्या वयाचा एक जण समोर बसला. म्हणाला, “ताई, आता एक रुपयाही भरू नका. तुम्ही भरत राहिलात तर ते सूट कशाला देतील? फोन आमच्याकडे वळवा, तुम्ही निवांत मेस सांभाळा.” ‘निवांत’ हा शब्द मी कितीतरी महिन्यांनी ऐकत होते. आमच्या यांनी घरी विचारलं होतं, “अगं, पण त्यांना अधिकार कोणी दिला?” मी उलट यांच्यावरच चिडले.

फी 18,000, आगाऊ. त्यानंतर त्याने माझ्याच मोबाइलवर दोन गोष्टी करून घेतल्या. हप्ता खात्यातून आपोआप कापायची बँकेला दिलेली परवानगी (ई-मँडेट) रद्द केली, आणि कर्जाच्या अॅपमध्ये माझा फोन नंबर आणि ई-मेल बदलून त्यांचा टाकला. फोन बंद झाले, तेव्हा मला वाटलं या ऑफिसवाल्यांनी खरंच काम केलं. मॅडम, सर, दादा कोणीही असो, कर्जाच्या खात्यावरचा तुमचा नंबर कुणाला बदलू देऊ नका. प्लॅटफॉर्मची प्रत्येक नोटीस त्यानंतर त्या मुलाकडे जात होती आणि मला त्यातली एकही दिसत नव्हती.

जुलैमध्ये ते पत्र व्हॉट्सअॅपवर आलं. सोबत एक यूपीआय आयडी, ‘कलेक्शन पार्टनर’च्या नावाचा. तीन दिवसांत भरा, नाहीतर ऑफर जाईल. पैसे पाठवताना स्क्रीनवर एका माणसाचं नाव आलं, कंपनीचं नाही. मी फोन करून विचारलं. “ताई, ते आमचे अकाउंटंट आहेत,” म्हणाला. मी पिन टाकला.

डिसेंबरमध्ये पोस्टमन लवादाची, म्हणजे कोर्टाबाहेर वादाचा निकाल देणाऱ्याची नोटीस घेऊन मेसच्या दारात उभा राहिला. बाकी 2,52,000.

प्लॅटफॉर्मच्या खऱ्या नंबरवर फोन केला. तिथल्या बाई शांतपणे म्हणाल्या, “आम्ही असं पत्र दिलेलंच नाही. आणि आम्ही परस्पर सूट देऊही शकत नाही, पैसे आमचे नाहीतच.” मग त्यांनी मला करारनामा उघडायला लावला. शेवटच्या दोन पानांवर तक्ता होता, जो मी सही करताना एकदाही खाली सरकवून पाहिला नव्हता. 63 नावं. कुणाचे 2,000, कुणाचे 5,000, एकाचे 20,000. माझ्या 3 लाखांमध्ये इतक्या माणसांचे पैसे होते. तो तक्ता वाचताना मला फसवणुकीपेक्षाही वेगळं काहीतरी लागलं. मी इतके दिवस ‘कंपनीचे पैसे’ म्हणत होते.

पी-टू-पी समजून घ्यायचं ते इथे. ऑक्टोबर 2017 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार प्लॅटफॉर्म फक्त मध्यस्थ असतो. तो स्वतःचे पैसे कर्जाऊ देत नाही आणि बुडालेल्याची हमीही घेत नाही. एका कर्जदात्याला एका कर्जदाराला 50,000 पेक्षा जास्त देता येत नाहीत, म्हणून एका कर्जामागे अनेक जण असतात. आणि सगळे पैसे, येणारे आणि जाणारे, बँकेतल्या एस्क्रो खात्यातूनच (दोघांच्या मधलं, पैसे सांभाळून पुढे देणारं वेगळं खातं) फिरावे लागतात, ज्यावर ट्रस्टीची देखरेख असते. रोखीला बंदी आहे. मग ‘कंपनीने मंजुरी दिली’ म्हणणारं आणि कुणा माणसाच्या यूपीआयवर पैसे मागणारं पत्र खरं असेलच कसं? कर्जदात्यांचा उल्लेख नाही, एस्क्रोचा उल्लेख नाही.

शिवाजीनगरच्या सायबर पोलिसांकडे तक्रार दिली. तिथल्या साहेबांनी विचारलं, पैसे कधी गेले? जुलैमध्ये, म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. पैसे गेल्या गेल्या 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला तर खात्यातली रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते. पाच महिन्यांत ते खातं कधीच रिकामं झालं होतं. सातारा रस्त्यावरच्या ऑफिसात आता कोचिंग क्लास आहे. तपास चालू आहे, 1,08,000 मधला एक रुपयाही परत आलेला नाही.

तडजोड मात्र झाली, आणि तिला फी लागली नाही. आधी अॅपमध्ये माझा नंबर आणि मेल परत टाकून घेतला. मग प्लॅटफॉर्मच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल केला: मेसचा जमाखर्च, पोलीस तक्रारीची प्रत, आणि महिन्याला 15,000 झेपतील हे स्वच्छ लिहून. त्यांनी प्रस्ताव कर्जदात्यांपुढे ठेवला. तीन आठवड्यांनी होकार आला: 1,80,000, बारा हप्त्यांत. ते पत्र त्यांच्या अधिकृत मेलवरून आलं आणि लॉगिन केल्यावर माझ्या कर्ज खात्यातही दिसलं. हप्ता अॅपमधूनच भरायचा, एस्क्रोत.

सिबिलबद्दलही, म्हणजे आपण कर्ज कसं फेडलं त्याच्या नोंदीबद्दलही सांगते, कारण त्या मुलाने ‘सिबिल क्लीन’चंही आमिष दाखवलं होतं. कमी रकमेत मिटवलेल्या कर्जावर ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो आणि तो पुढची बरीच वर्षं दिसतो. खरी नोंद पैसे देऊन कुणालाच पुसता येत नाही. चुकीची असेल तर तक्रार आपणच करायची, त्याला पैसे लागत नाहीत. आपला पूर्ण रिपोर्टही वर्षातून एकदा फुकट मिळतो.

ज्यांना वकील परवडत नाही त्यांनी शिवाजीनगर कोर्टातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावं. स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत सल्ला मिळतो. मला हे नोटीस आल्यावर, मेसमध्ये जेवणाऱ्या लॉच्या एका मुलीने सांगितलं. ती वर्षभर माझ्याकडे जेवत होती. मी जाहिरातीतल्या माणसाला सगळं सांगितलं आणि तिला कधी काही विचारलंच नाही.

सातवा हप्ता परवा गेला. पावती मी त्या 63 नावांच्या तक्त्यामागेच लावते.