व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप : निरोपासाठी उत्तम, निर्णयासाठी अपात्र

व्हॉट्सअ‍ॅपची परीक्षणे बहुधा एकट्या वापरकर्त्याच्या नजरेतून लिहिली जातात. निरोप वेळेवर पोहोचतो का, कॉल मध्येच तुटतो का, जुना फोटो शोधला तर सापडतो का, एवढेच त्यांत पाहिले जाते. या परीक्षणाचा विषय त्या सेवेतील ग्रुप हा आहे, आणि त्यातही मित्रांचे किंवा नातेवाइकांचे ग्रुप मी बाजूला ठेवतो आहे. गृहनिर्माण सोसायटी, शाळा, कार्यालय अशा ठिकाणी जिथे कोणाच्या तरी हाती अधिकार असतो आणि बाकीच्यांना त्या अधिकाराखाली रोज राहावे लागते, तिथे हे साधन कसे काम करते, हे मला पाहायचे आहे. मी नव्या तंत्रज्ञानाकडे मुळातच संशयाने पाहणारा माणूस आहे, हे वाचकांनी आधीच लक्षात घ्यावे; परंतु पुढे जे लिहिले आहे ते या सेवेच्या रचनेतील, कोणालाही स्वतः तपासून पाहता येतील अशा गोष्टींवर आधारलेले आहे.

जे चांगले आहे ते आधी सांगितले पाहिजे. 2009 मध्ये सुरू झालेली आणि 2014 मध्ये फेसबुकने सुमारे 19 अब्ज डॉलरला विकत घेतलेली ही सेवा आजही आपल्याकडून पैसे घेत नाही, स्वस्त स्मार्टफोनवर आणि क्षीण नेटवर्कवरही चालते, आणि 2016 पासून तिच्यावरचे निरोप पाठवणारा व घेणारा यांच्याखेरीज कोणालाही, अगदी कंपनीलाही, वाचता येत नाहीत. ज्यांना टंकलेखन जमत नाही अशा वयस्कर माणसांना बोलून निरोप पाठवता येतो, आणि परदेशी गेलेल्या मुलांशी रोज बोलणे आता कोणत्याही घराला परवडते. पाण्याचा टँकर उशिरा येणार आहे, लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद राहणार आहे, उद्या शाळेला सुट्टी आहे, अशा सूचनांसाठी ग्रुपइतके सोयीचे साधन माझ्या पाहण्यात नाही. फलकावर कागद डकवण्याच्या काळात निम्म्या लोकांना अशी गोष्ट घडून गेल्यावर कळत असे.

अडचण सुरू होते ती सूचनेच्या जागी निर्णय येऊ लागले की. एकट्या व्यक्तीशी बोलताना निळ्या खुणा बंद ठेवण्याची मुभा या सेवेने दिली आहे. आपण निरोप वाचला की नाही हे समोरच्याला कळू नये असे वाटले तर तशी सोय करता येते. ग्रुपमध्ये ही मुभा लागू होत नाही. ग्रुपमधला निरोप पाठवणारा माणूस त्या निरोपावर बोट दाबून धरून कोणी तो वाचला आणि कोणापर्यंत तो नुसता पोहोचला, याची नावानिशी यादी पाहू शकतो. साध्या गप्पांमध्ये यात काही वावगे नाही. परंतु निरोप पाठवणारा सोसायटीचा सचिव, शाळेची मुख्याध्यापिका किंवा कार्यालयातला साहेब असेल, तर ती यादी हजेरीपट होते. वाचूनही उत्तर न देणे ही भूमिका ठरते, आणि भूमिका घेतल्यासारखे दिसू नये म्हणून माणूस अंगठा उमटवून मोकळा होतो. 2022 पासून प्रत्येक निरोपावर असा अंगठा उमटवता येतो, आणि बहुतेक ग्रुपांत संमती दाखवण्याचा तोच रूढ मार्ग झाला आहे.

आमच्या सोसायटीतले एक उदाहरण सविस्तर सांगतो. एका रात्री जेवणाच्या सुमारास समितीच्या एका सदस्याने ग्रुपवर निरोप टाकला की घरकामाला येणाऱ्या बायकांनी यापुढे मुख्य लिफ्ट वापरू नये, सामानाच्या लिफ्टने किंवा जिन्याने जावे, आणि दुपारी बागेतल्या बाकांवर बसू नये. पहिला अंगठा अध्यक्षांचा होता. त्यापाठोपाठ अंगठ्यांची रांग लागली, मध्येच कोणी हात जोडले, कोणी "छान निर्णय" असे लिहिले. ज्यांच्या घरी तीच बाई कित्येक वर्षे येते आणि घरच्यासारखी वावरते, अशांचीही नावे त्या रांगेत होती. मग दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेने लिहिले, "हा निर्णय कोणत्या सभेत झाला? आणि सहाव्या मजल्यापर्यंत जिन्याने चढायला आपल्यापैकी कोण तयार आहे?" त्याला उत्तर आले, "काकू, हा ग्रुप फक्त सूचनांसाठी आहे, कृपया इथे चर्चा नको." थोड्या वेळाने काकूंचा निरोप जाऊन त्या जागी तो अ‍ॅडमिनने हटवल्याची ओळ दिसू लागली, आणि त्यानंतर ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनच लिहू शकतील अशी व्यवस्था झाली. काकूंच्या निरोपावर एकही अंगठा उमटला नव्हता. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटलेल्या दोघा-तिघांनी मात्र त्यांना हळूच सांगितले, "काकू, तुमचं बरोबर होतं."

या शेजाऱ्यांना मी भित्रे म्हणणार नाही. अमेरिकेतील सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने 1950 च्या दशकात केलेले प्रयोग या बाबतीत आजही वाचण्यासारखे आहेत. समोरच्या तीन रेषांपैकी कोणती रेषा दिलेल्या रेषेइतकी लांब आहे, एवढाच प्रश्न असे. उत्तर डोळ्यांसमोर असे. परंतु खोलीतल्या बाकीच्यांना आधीच पढवलेले असे आणि ते एकमुखाने चुकीचे उत्तर देत. अशा वेळी सुमारे तीन चतुर्थांश लोकांनी निदान एकदा तरी गटाची री ओढली आणि स्वतःच्या डोळ्यांना दिसत असलेले नाकारले. माझ्या दृष्टीने याहून महत्त्वाचे त्या प्रयोगांचे पुढचे भाग आहेत. बाकीच्यांपैकी एकाने जरी खरे उत्तर दिले, तरी री ओढण्याचे प्रमाण झपाट्याने खाली येत असे. आणि मोठ्याने सांगण्याऐवजी उत्तर कागदावर खाजगीत लिहायला दिले, तरीही ते खाली येत असे. म्हणजे माणसाला स्वतंत्र ठेवायचे असेल तर वेगळे बोलणाऱ्या एकाचे बोलणे सर्वांना ऐकू आले पाहिजे आणि आपले मत गुप्त ठेवण्याची सोय पाहिजे. सोसायटीच्या ग्रुपमध्ये नेमक्या याच दोन गोष्टी जातात. वेगळे बोलणाऱ्याचा निरोप पुसता येतो, आणि अंगठे सर्वांसमोर, ओळीने, नावासकट उमटतात. मतचाचणीची सोय आली तेव्हा मला थोडी आशा वाटली होती. परंतु आमच्या सोसायटीत घेतलेल्या चाचण्यांत कोणी कोणत्या पर्यायाला मत दिले ते सर्वांना दिसत होते, त्यामुळे पहिली काही मते पडली की बाकीच्यांचा कल ठरूनच जाई.

साधन निर्दोष आहे, दोष वापरणाऱ्यांचा आहे, असे यावर हमखास सांगितले जाते. हा युक्तिवाद मला मान्य नाही, आणि त्याचे उत्तर महाराष्ट्राने फार मोठी किंमत मोजून पाहिले आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा या गावी, भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. मुले पळवणाऱ्यांच्या अफवा त्या काळात देशभर फोनवरून फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचपेक्षा जास्त ठिकाणी पुढे पाठवण्यावर बंदी घातली, 2019 च्या सुरुवातीला ती जगभर लागू केली, आणि एप्रिल 2020 मध्ये फार वेळा फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे केले. त्यानंतर अशा निरोपांचे प्रमाण 70 टक्क्यांनी घटल्याचे कंपनीनेच जाहीर केले. माणसे तीच राहिली, फोन तेच राहिले. एका आकड्यात बदल झाला आणि कोट्यवधी लोकांचे वागणे बदलले. रचनेने अफवेचा वेग कमी होतो हे कंपनीला मान्य असेल, तर रचनेने माणूस गप्प बसतो हेही तिला मान्य करावे लागेल.

आता अ‍ॅडमिनविषयी. हे पद निवडणुकीने मिळत नाही आणि त्याला मुदत नाही. ज्याने ग्रुप काढला तो अ‍ॅडमिन, आणि तो ज्याला करील तो दुसरा. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये एका खटल्यात स्पष्ट केले की एखाद्या सदस्याने आक्षेपार्ह मजकूर टाकला तर केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून त्या व्यक्तीवर गुन्ह्याची जबाबदारी येत नाही. सदस्यांना घेणे आणि काढणे एवढाच मर्यादित अधिकार तिच्याकडे असतो, मजकूर आधी तपासण्याची सोय नसते. हा निकाल मला न्याय्य वाटतो. परंतु पुढच्याच वर्षी या सेवेने अ‍ॅडमिनला कोणाचाही निरोप सर्वांसाठी पुसण्याचा अधिकार दिला, आणि सदस्याला मात्र त्याविरुद्ध दाद मागण्याची कोणतीच जागा दिली नाही. त्याच वर्षी गुपचूप ग्रुप सोडण्याची सोय आली, तीही अपुरीच आहे. सोडल्याचा निरोप फक्त अ‍ॅडमिनना जातो खरा, पण सोडून गेलेल्यांची नावे साठ दिवसांपर्यंत कोणत्याही सदस्याला पाहता येतात.

अंगठ्याला फार महत्त्व देतो आहे असे कोणाला वाटले, तर त्यांनी नोव्हेंबर 2012 मधील पालघर आठवावे. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदबद्दल फेसबुकवर प्रश्न विचारणाऱ्या एका तरुणीला पोलिसांनी अटक केली, आणि तिच्या मजकुराला नुसती पसंती दर्शवणाऱ्या मैत्रिणीलाही. ज्या कायद्यावरून असे गुन्हे दाखल होत, त्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम 66अ सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी घटनाबाह्य ठरवले. कायदा गेला. पण एका खुणेमुळे काय ओढवू शकते हे लोकांनी पाहिले होते, आणि कोणत्या मजकुरावर बोट ठेवायचे, कोणत्यावर नाही, याचा हिशेब मनातल्या मनात करण्याची सवय राहिली.

सोसायटीच्या बाबतीत तर तुलनेसाठी लांब जाण्याचीही गरज नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 चा आहे. त्याखालच्या उपविधींनुसार वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस विषयपत्रिकेसह पूर्ण चौदा दिवस आधी द्यावी लागते, गणपूर्ती लागते, इतिवृत्त लिहावे लागते, आणि सभासदाला आपला विरोध त्या इतिवृत्तात नोंदवायला सांगता येते. हे सारे संथ आणि कंटाळवाणे आहे. रविवारी सकाळी प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून लेखापरीक्षकाच्या नेमणुकीचा ठराव ऐकणे कोणालाही आवडत नाही. परंतु त्या संथपणात विचार करायला वेळ मिळतो, आणि पुसता न येणारा कागद उरतो. लिफ्टचा विषय पुढे सभेत आला तेव्हा काकूंनी तोच प्रश्न उभे राहून विचारला. या वेळी त्यांना कोणी पुसू शकत नव्हते. ग्रुपवर अंगठा दिलेल्या एका गृहस्थांनीच मग विचारले की, आपल्या आईची काळजी घ्यायला येणाऱ्या बाईंनी ऑक्सिजनचे यंत्र घेऊन जिना चढायचा का. बाकांचा मुद्दा कोणी लावून धरला नाही, आणि लिफ्टचा ठराव मतास न टाकताच मागे घेतला गेला. सभा म्हटली की नेहमीच असे होते, असा माझा दावा नाही. दांडगाई करणारे तिथेही असतात. पण तिथे त्यांना समोरच्याच्या डोळ्यांत बघून ती करावी लागते.

शाळा आणि कार्यालयांबद्दल थोडक्यात. पालकांच्या ग्रुपवर शुल्काबद्दल प्रश्न विचारणारा पालक आपल्या मुलाला त्याचा त्रास होईल या भीतीने दोनदा लिहून दोनदा खोडतो, आणि शेवटी मूग गिळून बसतो. कार्यालयाच्या ग्रुपवर रात्री उशिरा आलेल्या निरोपाला पहिल्यांदा "हो सर" कोण लिहितो, याची नोंद साहेब ठेवत नसले तरी सहकारी ठेवतात.

या सेवेत मला कोणते बदल हवे आहेत ते स्पष्टच सांगतो. ग्रुपमध्येही निळ्या खुणा बंद ठेवण्याचा हक्क मिळावा, प्रत्येक मतचाचणी मुळातच गुप्त असावी, आणि अ‍ॅडमिनने पुसलेला निरोप निदान तो लिहिणाऱ्याकडे तारखेसह जपला जावा. हे बदल होईपर्यंत काही खबरदारी आपल्या हातात आहे. आपल्याला न विचारता कोणीही ग्रुपमध्ये ओढू नये यासाठीची सोय 2019 पासून उपलब्ध आहे; ती सेटिंग्जमध्ये गोपनीयतेखाली ग्रुप या नावाने सापडते, आणि आपण स्वतः बदलेपर्यंत ती सर्वांना मोकळी असते. सोसायटीच्या ग्रुपवर एखादा निर्णय जाहीर झाला आणि तो पटला नाही, तर तिथे वाद घालण्यात शक्ती घालवू नये; हा विषय कोणत्या सभेत, कोणत्या ठरावाने मंजूर झाला, असे सचिवांना कागदावर विचारावे, पत्राच्या दोन प्रती न्याव्यात आणि आपल्याजवळच्या प्रतीवर सही, शिक्का आणि तारखेसह पोच घ्यावी.